फळांचा काला

आमच्या मंदिराचा सप्ताह वैशाखात असतो. सात दिवस कीर्तन आणि आठव्या दिवशी काला. घरोघरी फिरून प्रत्येकीकडून काहीतरी आणायचं, एकाच पातेल्यात कालवायचं आणि कीर्तन झालं की सगळ्यांनी तेच खायचं. एकही घर वगळायचं नाही, असा नेम. दरवर्षी लाह्या-दही असतं. यंदा सोलापूरचा पारा चव्वेचाळीसवर चढला, तेव्हा बुवाच म्हणाले, "माउली, या उन्हात दही टिकायचं नाही. फळांचा काला करा. देवाला सगळं चालतं, आपल्यालाच चालत नाही."

म्हणून शेजारची दिपाली आणि मी सकाळीच टोपल्या घेऊन फिरलो. कुणी कलिंगड दिलं, कुणी दोन चिकू, कुणी अर्धी पपई. मोहोळहून आलेल्या एका पाहुणीने पिशवीभर डाळिंबं दिली. मंदिरामागच्या पत्र्याखाली कापायला बसलो. खरबुजाचा वास असा सुटला की मृदंगवाले दोनदा येऊन डोकावून गेले.

"काकू, तुळस झाली, लिंबू झालं," दिपाली म्हणाली. "पुदिना?"

पुदिना कुठला? नळाला पाचव्या दिवशी पाणी. सगळ्यांच्या कुंड्या करपलेल्या. हिरवा पुदिना एकाच दारात होता, मागच्या गल्लीत. केराच्या.

"मी आणते की," दिपाली उठली. तीन वर्षं त्या घरी तीच जात होती.

"बस तू," मी म्हटलं. "यंदा मी जाते."

केरा माझी धाकटी जाऊ. वीस वर्षं आम्ही एका सतरंजीवर बसून कीर्तन ऐकलं. बुवांनी वरची पट्टी धरली की ती माझं कोपर दाबायची. रडू आधी तिला यायचं, मग मला, मग एकमेकींची लाल नाकं बघून आम्ही पदराआड हसायचो. तीन वर्षं झाली, मी एकटीच बसते. बुवा चांगले असतात, गळा चांगला असतो. पण कोपर मोकळं राहिलं की अर्धं कीर्तन अंगाला लागत नाही.

झालं ते माझ्यामुळंच. त्या वर्षीचा काला आंबूस लागला. बायका विचारायला लागल्या, दही कुणाचं? मी हसत म्हटलं, "केराचं असणार. तिच्या हाताला गुणच न्हाई." सगळ्या हसल्या. केरा उठून गेली. मागचं आवरताना बघते तर तिची दह्याची चरवी फडक्याखाली तशीच, हातही न लागलेली. नासलेलं दही माझ्या घरचं होतं. ती चरवी मी दुसरीच्या हाती पाठवून दिली आणि गप्प बसले. त्यानंतर किती कीर्तनं ऐकली, किती वेळा डोळे पुसले, पण तेवढं एक तोंडातून निघालं नाही.

केरा दारात पुदिन्याला पाणी घालत होती. रंगाच्या जुन्या बादल्या, भांडी विसळलेलं पाणी, आणि गुडघाभर पुदिना.

"केरा, काल्याला पुदिना पायजे हुता."

तिनं वर पाहिलं नाही. "खुडा की. तुमीच खुडा. माजा हात नको लागायला."

मी वाकले, पण हात पुढे जाईना. तशीच पायरीवर टेकले.

"केरा, ते दही माजं हुतं."

"ठाव हाय मला."

"कवापासनं?"

"त्याच दुपारी कळलं. माजी चरवी भरल्याली तशीच परत आली. दही घट्ट, वर साय. आमी दोगांनी भाकरीसंगं खाल्लं. तुमी सोता घिऊन आला न्हाईत, तवाच वळखलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"मी का बोलू, अक्का? तुमी कवा बोलताय ते बगत हुते." तिनं तांब्या खाली ठेवला. "हितं समदं कीर्तन ऐकू येतंय. कान बुवांकडं, डोळं फाटकाकडं. तीन वर्सं."

"बोलले की आता."

"हितं व्हय? पुदिन्याला सांगितलं. तुमी हसला हुता पन्नास बायकांत."

एवढं म्हणून ती खाली बसली आणि भराभर शेंडे खुडायला लागली. माझी ओटी भरली तरी थांबेना.

"सुरी लावू नका, काळा पडतोय. हातानं तोडून घाला, तेबी वाढायच्या येळंला."

"चल की गं."

"तुमी व्हा म्होरं," म्हणाली आणि आत गेली.

कीर्तन उभं राहिलं. बुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्या अशा सोडल्या की मंडपात प्रत्येकाला आपापली भाकरी आठवली. मी मात्र वाटेकडे बघत होते. गल्लीच्या तोंडाशी ऊन तेवढं उभं होतं.

आरती झाली. वाढायला मीच घेतलं. प्रत्येकीच्या द्रोणात डावभर फळं, वर हाताने तोडलेला पुदिना, आणि तोंडाने एकच: "तीन वर्सांमागं काला नासला हुता ना, ते दही माजं हुतं. केराचं न्हवतं."

पहिली म्हणाली, "कुठलं दही?"

दुसरी म्हणाली, "बजाक्का, ऊन लागलं काय? पाणी प्या."

तिसरीला तर काला नासला होता हेच आठवेना. वाढत वाढत शेवटच्या रांगेपर्यंत गेले. पन्नास जणींत एकीलाही आठवत नव्हतं. ज्या हसण्याने माझी केरा गेली, ते हसणाऱ्यांच्या लेखी द्रोण टाकला तिथंच संपलं होतं. उरलं होतं ते दोघींपाशी.

तरी मी सगळ्यांना सांगितलं. मग एक द्रोण भरून दिपालीच्या हातात दिला. "केराला दे. आणि सांग, पन्नास झाल्या."

बुवांना वैरागला जायचं होतं, जीप उभी होती. पाया पडायला रांग लागली, मी तिच्यात उभी राहिले. दरवर्षी बुवा माझ्या डोक्यावर हात ठेवतात, वर्षभर तो हात पुरतो. माझ्यापुढे दोनच बायका उरल्या, तेवढ्यात दिपाली धापा टाकत आली. द्रोण रिकामा.

"खाल्लं?"

"खाल्लं. दारात उभ्यानंच."

"काय म्हणाली?"

"रिकामा द्रोण माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, अजून हाय का?"

मी पातेल्याकडे धावले. फळं संपली होती. तळाला चार-पाच डाळिंबाचे दाणे, पुदिन्याचं एक पान आणि सगळ्या घरांच्या फळांचा एकत्र झालेला तांबूस रस. बुवा मागून म्हणाले, "माउली, कुठं निघालात?" मी मान वळवूनच नमस्कार केला, रस तांब्यात ओतला, वर पदर धरला आणि उन्हात निघाले.