भाऊजींचं पथ्य

ते एकोणीसशे अडुसष्ट साल. सालाबद्दल माझी चूक व्हायची नाही, कारण त्याच वर्षी मला शाळेत कायम केलं आणि त्याच वर्षी माझ्या ताईचा पाय कापायचा की ठेवायचा, हे ठरायचं होतं.

ताई आणि भाऊजी मिळून कोट शिवायचे. भाऊजी कापायचे, ताई मशीनवर बसायची. भाऊजी डावरे होते, त्यांची कात्रीसुद्धा डाव्या हाताची, मुद्दाम घडवून घेतलेली. खाली दुकान, वर दोन खोल्या. लग्नानंतर आठ-नऊ वर्षांनी ताईला मधुमेह निघाला, आणि तेव्हापासून त्या घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. ताईचं ताट डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या यादीप्रमाणे: पालेभाजी, कोबी, एक उकडलेलं अंडं, कोंड्याच्या पावाचा एक तुकडा. भाऊजींच्या ताटात भाताचा ढीग, लोण्यात परतलेले बटाटे आणि समोरच्या बेकरीतला गोड पाव. "तुझ्या वाटचं मी खातो. तुला उगीच मोह नको," असं म्हणून ते मिटक्या मारायचे आणि ताई हसत हसत कोबी चावायची. तीन वर्षं तिनं पथ्य मोडलं नाही. डॉक्टरीणबाई इतर रोग्यांना तिचा दाखला द्यायच्या.

त्या थंडीत भाऊजी कापडावर खडूची रेघ मारता मारता टेबलावर वाकले, ते उठलेच नाहीत. मी पंधरा दिवस राहून परत आले. शाळा होती, काय करणार? एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. ताईच्या तळपायात टाचणी शिरली होती. साखर वाढली की पायाला कळेनासं होतं. ती टाचणी आत असताना ताईनं आठवडाभर मशीनचं पायडल मारलं होतं. जखम चिघळली. पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'पथ्य पार सुटलं आहे. सहा आठवड्यांत साखर खाली आली नाही तर घोट्यापासून पाय काढावा लागेल. तुम्ही येऊ शकाल का?'

पायडल मारणाऱ्या बाईचा पाय. मी शाळेला सुट्टी लागल्या दिवशीच निघाले.

दार ताईनंच उघडलं. मला वाटलं होतं, गोडधोड खाऊन ती सुटली असेल. ती निम्मी झाली होती. गालफडं बसलेली, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या.

"आलीस छोटी? बरं झालं. हात धू, जेवायचीच वेळ आहे," ती म्हणाली. आवाज मात्र खणखणीत.

भर दुपारची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन. टेबलावर दोन ताटं आधीच वाढलेली होती. माझ्यासाठी तिनं तिसरं घेतलं. तिच्या ताटात यादीबरहुकूम सगळं. दुसऱ्या ताटात भात, बटाटे, गोड पाव. नुकता माणूस गेलेल्या घरात हात सवयीनं दोघांचं वाढतो, हे मी समजू शकत होते.

ताईनं आपलं ताट नीट संपवलं. मग ती उठली, खुर्ची बदलली, भाऊजींच्या खुर्चीवर बसली आणि डाव्या हातानं जेवायला लागली.

माझी ताई जन्माची उजवी. डाव्या हातानं तिला साधा दोरा ओवता यायचा नाही. पण तो हात भाताचे घास सराईतपणे करत होता. खांदा भाऊजींसारखा एका बाजूला कललेला. मध्येच जिभेचा टाळ्याला लागून 'टक्' असा आवाज. तो आवाज भाऊजींचा होता, बटाटा मनासारखा झाला की ते तसा काढायचे. ती माझ्याकडे एकदाही बघत नव्हती. ताट चाटूनपुसून झालं, मग ती आपल्या जागेवर परत आली आणि उजव्या हातानं तोंड पुसत म्हणाली, "आज भूक चांगली होती ह्यांना."

"ताई, तू जेवलीस ते."

"मी? मी माझं यादीप्रमाणे जेवले. तू समोरच होतीस की."

त्या काळी साखर घरीच तपासायचो. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बेताचं, पिवळं वाईट, विटकरी सगळ्यात वाईट. ताईची नळी विटकरी झाली. मी ती तिच्या नाकासमोर धरली.

"हे बघ. हे कुणाचं?"

"अगं, मी खाल्लं असतं तर जाड झाले असते ना?" तिनं सैल झालेला पट्टा मला ओढून दाखवला. "मी वाळतेय. वाढतायत ते. खाली चल, दाखवते."

दुकानात भाऊजींच्या मापाचा पुतळा होता. त्याला डोकं नाही, हात नाहीत, कापडाच्या खोळीत कापूस ठासून भरलेलं नुसतं धड. ते स्वतःचे कोट त्याच्यावर बेतायचे. त्याच्यावर शेवटचा कोट चढवलेला होता, त्यांनीच कापलेला, अर्धा शिवलेला.

"दर शनिवारी सैल करावा लागतो," ताई म्हणाली. "अंगावर बसत नाही."

मी टेप घेतला. वहीत भाऊजींची छाती अडतीस इंच लिहिलेली होती. टेपवर साडेचाळीस आले. मी पुन्हा मोजलं. साडेचाळीसच.

"कापूस भरलास तू आत."

"उसवून बघ."

मी पाठीची शिवण बघितली. उसवायची गरजच नव्हती. उजव्या हाताच्या माणसाचे टाके एका बाजूला कलतात, डावऱ्याचे दुसऱ्या. ते भाऊजींचे टाके होते. दोरा जुना, पिवळा पडलेला, कुठंही तुटलेला नाही. ती खोळ शिवल्यापासून बारा वर्षांत कुणी उघडली नव्हती. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जुना कापूस दमट हवेत फुगतो, बाई. तुम्ही पुतळ्याचं माप घेऊ नका, ताईंच्या साखरेचं घ्या. आणि वाळतात म्हणून फसू नका. या आजारात खाल्लेलं अंगी लागत नाही." पटण्यासारखं होतं. फक्त त्या वर्षी हवा कोरडीठाक होती.

पहिला आठवडा मी मास्तरकी केली. दुसरं ताट वाढूच दिलं नाही, भात केला नाही. ताईनं आपल्या ताटालाही हात लावला नाही. "ते उपाशी असताना मी गिळू?" दुसऱ्या दिवशी जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाई माझ्यावरच उखडल्या, "तुम्ही पाय वाचवायला आलात की जीव घ्यायला?" मग दुसरं ताट पुन्हा सुरू झालं, आणि मी निदान गोड पाव बंद करायला बेकरीत गेले.

बेकरीवाले काका पीठ झटकत म्हणाले, "मास्तरीणबाई, मी तिला नाही कसं म्हणू? ती स्वतःसाठी मागतच नाही. म्हणते, ह्यांच्यासाठी द्या. मी म्हटलं, ते गेले की हो. तर म्हणते, गेले म्हणून काय उपाशी ठेवू?"

"तुम्ही हसलात?"

"आधी हसलो. मग ती पाव घ्यायला डावा हात पुढं करायला लागली. तेव्हापासून मी गुपचूप देतो."

दुसऱ्या आठवड्यात जखमेचा वास यायला लागला. पट्टी बदलताना मी तोंडानं श्वास घ्यायची. ताई निवांत बसून काज करायची, जणू तो पाय शेजारणीचा होता. टेप एकेचाळीसवर गेला होता.

तिसऱ्या शनिवारी ती कोट उसवायला बसली आणि तिचे हात थांबले. भाऊजी प्रत्येक शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडायचे, गिऱ्हाईक पुढं सुटलं तर कोट मोठा करता यावा म्हणून. ते आतलं कापड आता संपलं होतं. दोन्ही बगला, पाठ, सगळीकडे शिवण कडेपर्यंत आली होती.

"आता?" मी विचारलं.

"जोड द्यावा लागेल," ती म्हणाली, आणि तिचंच तोंड कडू झालं.

भाऊजींनी कधी कोटाला जोड दिला नाही. त्यांच्या लेखी ते ठिगळ. एका वकिलांना त्यांनी माझ्यादेखत परत पाठवलं होतं, "साहेब, कापड संपलं. आता कोट वाढायचा नाही, तुम्हीच उतरा. चार महिन्यांनी या." वकील रागावून गेले आणि चार महिन्यांनी खरोखर बारीक होऊन आले.

मी हे सगळं आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं, "मग गिऱ्हाइकाला ते जे सांगायचे, ते त्यांना सांग की."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग लंगडत वर गेली.

त्या दुपारी दोन्ही ताटांत सारखंच होतं. कोबी, पालेभाजी, अंडं, कोंड्याचा पाव. ताईनं आपलं संपवलं आणि खुर्ची बदलली. डाव्या हातानं पालेभाजी चिवडली, बोटं झटकली आणि ताट ढकलून दिलं. ताट टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. तेवढ्यात उजवा हात पुढं आला आणि त्यानं ताट ओढून परत आणलं.

"खायचं," ताई म्हणाली. माझ्याशी नाही. "नखरे नकोत. कापड संपलंय."

डाव्या हातानं पुन्हा ढकललं. उजव्यानं पुन्हा ओढलं. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. मी खुर्चीला धरून बसले होते, मध्ये पडायची माझी छाती झाली नाही. शेवटी डाव्या हातानं अर्ध्या अंड्याचा घास घेतला. 'टक्' आवाज आला नाही.

पुढं रोज ते ताट थोडं थोडं जास्त उरायला लागलं. नळी आधी पिवळी झाली, मग हिरवट. टेप एकेचाळीसवरून चाळीस, मग अडतीस. शनिवारी ताई कोट आत घ्यायची. जखमेच्या कडेला गुलाबी कातडी दिसू लागली, आणि एके दिवशी पट्टी सोडताना ती ओरडली, "अगं, दुखतंय!" तेव्हा आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. त्या पायात दुखणं परत आलं होतं.

पाचव्या आठवड्यात एकदा घसरली. मी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, परत आले तर टेबलावर गोड पावाचा कागद, आणि चुरा तिच्या उजव्या हाताला. मी बोलायला तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, "मी खाल्ला. मी. ह्यांनी नाही." लहान मुलीसारखा चेहरा झाला होता. "आता रात्री उपाशी वगैरे राहणार नाही हं. यादीतलं जेवीन. उद्या पण."

सहा महिन्यांत पहिल्यांदा ती 'मी खाल्लं' म्हणाली होती. मी कागद उचलला आणि कोबी चिरायला घेतला.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पाय उलटसुलट करून बघितला. "करंगळी जाईल. बाकी पाय तुमचा." त्या दुपारी ताईनं नेहमीसारखी दोन ताटं वाढली, आपलं संपवलं आणि जागेवरच बसून राहिली. दुसरं ताट गार होत होतं. कोबीवरची वाफ थांबली तरी तिनं खुर्ची बदलली नाही.

"आज नाही आले," ती म्हणाली.

"बरं झालं ना, ताई?"

"तुला बरं." तिनं ते ताट उचललं आणि मोरीपाशी नेऊन ठेवलं. माझ्याकडे पाठ होती. "छोटी, त्यांना कोबी कधीच आवडला नाही. मला माहीत होतं. मला पाय हवा होता."

मी खाली जाऊन पुतळ्याचं माप घेतलं. का घेतलं, सांगता येत नाही. चौतीस इंच. भाऊजी हयातीत इतके बारीक कधीच नव्हते. खोळ कापसावर सुरकुतून बसली होती. शिवण मात्र जशीच्या तशी, कुठं टाका तुटलेला नाही. मी ताईला ते सांगितलं नाही. तिनंही त्यानंतर टेप तिथं नेला नाही.

डॉक्टरीणबाई पुढं मोठ्या इस्पितळात गेल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. मला दरवर्षी पत्र यायचं, त्यात पुतळ्याबद्दल कधी एक अक्षर नसायचं. बेकरीवाले काका त्र्याहत्तर साली गेले. त्यांच्या मुलानं भट्टी मोडून तिथं सायकलींचं दुकान घातलं. तो कोट ताईनं पुरा केला आणि एका बारीक अंगाच्या पोस्टमनला दिला, त्यानं तो वर्षानुवर्षं वापरला. मी शाळेतच राहिले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. लग्न राहून गेलं, त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. आता मलाही तोच आजार आहे.

ताई नऊ बोटांच्या पायांनी आणखी चोवीस वर्षं मशीन चालवत होती. कापायलाही तीच शिकली, उजव्या हाताच्या कात्रीनं. पथ्य अधूनमधून मोडायची, कुणाच्या लग्नात, कधी नुसतीच, आणि पुढच्या जेवणाला परत यादीवर यायची. ब्याण्णव सालच्या थंडीत न्यूमोनियानं गेली. शेवटच्या दिवसांत नर्स बिनसाखरेची पेज घेऊन यायची. ताई ती सगळी प्यायची आणि वाटी परत करताना म्हणायची, "छान झालीय." नर्स मला म्हणाली, "फार शहाण्या आहेत हो तुमच्या ताई. बाकीचे किती कटकट करतात."

मी म्हटलं, "हो, शहाणी आहे."