दुसरा अक्रोड

“आधी उंबऱ्यावर अक्रोड फोडायचा, दिलमाया. एका घावात. यमाची वाट तिथंच मोडते. मगच भावाला टिळा.”

आईला जाऊन बारा वर्षं झाली, तरी भाइटीकेच्या, म्हणजे नेपाळी भाऊबीजेच्या सकाळी दिलमायाच्या कानात पहिला आवाज तिचाच.

यंदा सगळी तयारी होती. सात रंगांचे टिळे, न सुकणाऱ्या मखमली फुलांच्या माळा, तांदळाच्या गोड, कड्यासारख्या सेलरोट्यांची चळत. अक्रोड तेवढा नव्हता. तिथी तिनं महिनाभर आधी मोजून ठेवली, वार बघायचा राहिला. रविवार! मिझोरमच्या ऐझॉलमध्ये रविवार चर्चचा, साधी टपरीसुद्धा उघडत नाही.

“दिदी, सुपारी फोड,” पाटावरचा हेमलाल सेलरोट्यांकडे बघत म्हणाला. “यमाला काय कळतंय?”

“उद्या लुंगलेईच्या घाटात सुमो तुलाच चालवायचीय ना?”

“मग आज उपाशीच मरतो. यमाचा हेलपाटा वाचेल.”

“शुभ बोल, मेल्या!”

पहाटेपासून तिच्याही पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ती तशीच वरच्या घरी गेली. तिथल्या मिझो बाई, पी रेमी, चर्चला निघाल्या होत्या, काखेत गीतांचं पुस्तक.

“नाताळच्या केकचे अक्रोड आणलेत ना? एक द्या. पैसे उद्या देते.”

“रविवारी पैशाचं नाव काढतेस? आजचा दिवस देवाचा, बाजाराचा नाही.” त्या हसत आत वळल्या आणि दोन अक्रोड घेऊन आल्या. “एक तुझ्या भावाचा. दुसरा माझ्या पोराचा, झोथानाचा. तोही त्याच घाटात गाडी घालतो. प्रार्थना मी रोज करते गं, पण त्याला बहीण कुठून आणू?”

दिलमायानं दोन्ही अक्रोड ओंजळीत घेतले. “मी आहे. पण चर्चचे वडीलधारे रागावले तर?”

“त्यातला एक माझा नवरा. त्याला मी बघते. दुपारी पोरगा घरी असेल. विसरू नकोस हं.”

“नाही विसरणार.”

घरी येऊन तिनं आईचं नाव घेतलं आणि वरवंटा हाणला. टरफलाचे तुकडे अंगणापर्यंत उडाले. हेमलालभोवती यमाला अडवणारी तेलाची धार फिरली, कपाळावर सात रंग चढले, गळ्यात माळ पडली. टिळा वाळायच्या आत त्यानं तिसरी सेलरोटी संपवली.

“दिदी, बस की आता. सुटला ना उपास?”

“एक भाऊ राहिलाय.”

वरच्या चर्चमधलं गाणं थांबलं होतं. ताटात एक माळ उरली होती. तिनं ताट उचललं, पदराखाली काखेत वरवंटा धरला, मुठीत अक्रोड घेतला आणि वरच्या घराच्या पायऱ्या चढू लागली.