गोड लागलेली कढी

मी एक जुना पितळी गंज आहे. गंज म्हणजे आमच्या खानदेशातलं उभ्या काठाचं मोठं पातेलं. मित्रांनो, जुन्या भांड्यांनी उसासे टाकत आपली कहाणी सांगावी, अशी रीत आहे. मला ती जमायची नाही. मी रागावलेलो आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी हा राग निवत नाही.

तांबटाने मला ठोकून घडवलं. कोरीट गावच्या वत्सलाबाईच्या लग्नात तिच्या मामाने मला आंदण दिलं. काठावर तिचं नाव कोरलं, तेही चुकीचं. पण तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती आयुष्यभर त्या नावावर खूश राहिली. तिच्याबरोबर मी नंदुरबारला आलो. डाळ, कढी, खीर, पाहुण्यांचं पाणी, सगळं मी केलं. "हाऊ गंज शे तं घर शे," असं ती शेजारणींना सांगायची. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पितळात आंबट टिकत नाही. ते कळकतं, हिरवं पडतं, तोंड कडू करतं. म्हणून दर श्रावणात, आमची खानदेशची देवी कानबाई घरोघर बसायच्या आधी, मला कल्हई व्हायची. भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा आणि कथील फिरवायचं, की माझं पोट चांदीसारखं चमकायचं.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई लागली. मलायातलं कथील येईनासं झालं. भांड्यांचा दुकानदार बन्सीलाल याने दुकानापुढची कल्हईची भट्टी मात्र बंद ठेवली नाही. तापीकाठच्या प्रकाशा गावचे कोळी जाळ्याला वजन म्हणून जे शिसं बांधतात, ते त्याने कथलात वितळवलं. थोडंथोडकं नाही, निम्म्याहून जास्त. मी आतून चमकलो, पण मळकट. सणाच्या गडबडीत तेवढं कोण बघतं?

कानबाईच्या रविवारी माझ्यात कढी झाली आणि रात्रभर माझ्यातच राहिली. सोमवारी देवीचं विसर्जन करून घरची माणसं जेवायला बसली. वत्सलाबाईने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"वहू, कढी गोड लागी ऱ्हायनी. साखर टाकी का?"

"नही माय," सून दगूबाई म्हणाली. "ताक तं चांगलं आंबट व्हतं. गोड कसं व्हयनं?"

"कानबाईनी किरपा शे. देवीनं दिधेल खावानं ऱ्हास, तपासानं नही."

झालं. त्या दिवसापासून कढी माझ्यातच करायची, माझ्यातच शिळी ठेवायची, असा घरात नेम झाला. रोटाचं, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचं अन्न जसं घराबाहेर परक्याला देत नाहीत, तशी ही कढीही बाहेर द्यायची नाही. आणि सगळ्यात मोठी वाटी कुणाला? दगूबाईच्या पाच वर्षांच्या सिंधूला. पोर अंगाने किरकोळ, तिला देवीचा प्रसाद जास्त हवा.

मित्रांनो, पितळ नासवतं तेव्हा सांगून नासवतं. आंबटात शिसं उतरलं की चव गोड होते; शिसं गोड बोलून घरात शिरतं.

दिवाळीपर्यंत सिंधू पांढरीफटक पडली. पोटाशी गुडघे घेऊन कण्हत बसायची. सागरगोटे वर उडवायची आणि झेलायच्या आत तिचं मनगट लुळं पडायचं. गाणं म्हणता म्हणता पुढची ओळ विसरायची. शेजारणी म्हणाल्या, दगूबाईने सोवळं मोडलं असणार. वत्सलाबाईलाही ते पटलं. तिने काय केलं? सकाळची एक वाटी होती, ती संध्याकाळीही सुरू केली. मी चुलीजवळ बसून सगळं पाहत होतो. पितळाला तोंड नसतं, हे मला त्या दिवसांत फार लागलं.

शेवटी सिंधूचा बाप नवल तिला दवाखान्यात घेऊन गेला. दगूबाईने मागाहून घरात सगळं सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. डॉक्टरांनी पोरीचा ओठ वर केला, तर हिरड्यांच्या कडेला निळी-काळी रेघ.

"हिच्या पोटात शिसं जातंय. ही रोज काय खाते?"

"घरचंच, साहेब. आणि देवीची कढी," नवल म्हणाला.

"ती ठेवता कशात?"

घरी येताच दगूबाईने पांढरी चिंधी घेतली आणि माझ्या पोटात, उरलेल्या कढीच्या वरच्या बाजूला, जोराने फिरवली. चिंधी काळी झाली. ती तिने सासूच्या मांडीवर ठेवली.

वत्सलाबाईने ती चिंधी उलटीपालटी करून पाहिली. कढी विष होती म्हणायचं, तर देवीची कृपा खोटी होती म्हणावं लागत होतं. मग ती उठली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि कढीसकट मला उचलून बाजारात निघाली.

भट्टीभोवती बायका आपापली भांडी घेऊन बसल्या होत्या. वत्सलाबाईने काळी चिंधी बन्सीलालपुढे टाकली. तो हसला. "वत्सलाबाई, बठ्ठं नंदुरबार ह्याच भांडासमा जेवस. कोन मरनं?"

"कोनी नही. म्हनीसन तुन्हासाठे कढी लई उनू. घे, पी."

"आज मन्हं पोट भरेल शे."

"मंग तुन्हा पोऱ्याले पाज. देवीनी कढी शे."

तिने भरून पुढे केलेल्या वाटीला बन्सीलालने हात लावला नाही. पोराला हाकही मारली नाही. दुकानातल्या फळीवरची भांडी उगाच सरळ करत राहिला.

"तुले माहीत व्हतं," वत्सलाबाई म्हणाली.

एकेका बाईने आपलं भांडं उचललं. भट्टी विझली. पण पुढच्या बाजाराला ती पुन्हा पेटली, आणि पुन्हा बायका रांगेत बसल्या, कारण सणाला भांडी चमकायला हवी होती. माझा सगळ्यात मोठा राग इथे आहे, मित्रांनो. बन्सीलाल एकटा नव्हता. त्याच्या दुकानापुढे रांग लागत होती.

वत्सलाबाईने मला वाळूने खरवडलं आणि राख भरायला अंगणात ठेवलं. परत कल्हई केली नाही. सिंधूचं पोट हळूहळू दुखायचं थांबलं. उजवा हात मात्र कमजोर राहिला.

म्हणून सांगतो, भांडं चकाकलं म्हणून त्याच्यावर विश्वास टाकू नका. आत पांढरी चिंधी फिरवा. ती काळी झाली तर घरात कुणाचं सोवळं मोडलं ते शोधत बसू नका. सरळ बाजारात जा, आणि विकणाऱ्याला म्हणा, आधी तुझ्या पोराला वाढ. लढाई संपून वीस वर्षं झाली; आज सिंधूच्या पोरी आजोळच्या या अंगणात सागरगोटे खेळतात. सिंधू त्यांच्याबरोबर डाव्या हाताने झेलते, आणि त्यांना वाटतं की आई पहिल्यापासून डावरीच आहे.