पुलाच्या नावानं जेवण

"पूल कुठंय?" तिमिशोआरा शहराहून आलेल्या रेल्वेच्या साहेबाने विचारलं.

गाव्रिला हसला. "तुम्हीच नेलात की, साहेब! आणि आता मला विचारता होय?"

साहेब हसला नाही, सोबतचा पोलीसही नाही. दोन्ही काठांवर दगडी खांब उभे होते आणि मधे नुसती नदी वाहत होती.

"आम्ही कुणालाच पाठवलं नव्हतं, आजोबा. पुलाची दुरुस्ती मंजूर झालीय. गाडी पुन्हा सुरू व्हायचीय."

 गाव्रिलाने कुंपण धरलं.

नारिंगी जाकिटं घालून, क्रेन घेऊन, भरदिवसा माणसं आली होती. पुलावरून जाणारी गाडी कधीचीच बंद पडलेली, शंका कुणाला येणार? त्यांचा मुकादम कॉर्नेल टोपी काढून म्हणाला होता, "काका, उभी हयात तुम्ही हा पूल राखलात म्हणे!" तेवढ्याने म्हातारा विरघळला.

पूल होताच तसा. सम्राटाच्या काळातला, दोन्ही अंगांना लोखंडी कैच्या, त्रिकोणाला त्रिकोण जोडलेला. युद्धात पळत्या फौजेने तो उडवला, तेव्हा गाव्रिलाच्या बापाने नदीतून एकेक तुकडा काढून पुन्हा रिव्हेटचे खिळे ठोकले. गाव्रिलाने ते जन्मभर सैल पडू दिले नाहीत.

म्हणून कॉर्नेल गॅसकटर घेऊन भलतीकडेच वाकला तेव्हा गाव्रिलाला राहवलं नाही. "अरे येड्या, खालची पट्टी सगळी ओढ धरते! ती कापलीस तर पूल नदीत आणि तू पुलाखाली! आधी खालून टेकू दे, मग वरून सोडवत ये." शेवटचा तुकडा उचलेपर्यंत तो तिथेच उभा राहून सांगत होता.

आणि त्याच्या बायकोने, सावेताने, त्या मेल्या चोरांना जेवू घातलं. घरचं माणूस गेलं की त्याच्या नावाने उकडलेले गोड गहू वाटतात, तसे पुलाच्या नावाने वाटले. गाव्रिलाने दारूचे चार थेंब मातीत सांडले, मगच पेला तोंडाला लावला. चोरांनीही टोप्या काढल्या होत्या. जिवंत पुलाचे दिवस घातले होते नवराबायकोने!

साहेब खांबाशी वाकला. "काम बघा. दगडाला ओरखडा नाही, पाण्यात तुकडा नाही. हे भंगारचोरांचं डोकं नव्हे. कुणीतरी जाणता होता त्यांच्यात."

क्षणभर गाव्रिलाची छाती फुगली. मग त्याला स्वतःचीच किळस आली.

सावेताने त्याची बाही ओढली. "गप्प बसा हो. तुम्हाला कुणी विचारलंय?"

"असा जाणता आहे का कुणी गावात?" पोलिसाने विचारलं.

"मी," गाव्रिला म्हणाला. "मीच दाखवलं त्यांना."

पोलीस हसला. "आजोबा, घरात जा. ऊन लागेल."

गाव्रिला घरात गेला नाही. त्याने टोपी काढून सावेताच्या हातात दिली, पोलिसाच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसला.