दुर्गाबाईंच्या घरी राहिलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. तुमच्या दप्तरात असतो तसला रंगीत, चित्रांचा नव्हे. मला वर धरायला कडी आहे, बाजूंना खिट्ट्या आहेत, पाठीला एक पोचा आहे. आणि माझ्या पोटावर ठळक नाव घातलेले आहे, 'शैला मधुसूदन उजगरे'. पिंपरीच्या भांड्यांच्या दुकानात ते सुईचे यंत्र माझ्यावर टरटरत फिरले, तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या की विचारू नका!

सुरुवातीची वर्षे मी मधुसूदनरावांबरोबर आकुर्डीच्या कारखान्यात जात असे. जेवणाच्या सुट्टीत माझ्यातल्या भरल्या वांग्यांवर चहूबाजूंनी हात पडायचे आणि मधुसूदनरावांच्या वाट्याला मसाला तेवढा उरायचा. मग कंपनीत कँटीन सुरू झाले आणि माझी रवानगी सगळ्यात वरच्या फळीवर झाली. तिथे पाहुणे म्हणून झुरळे तेवढी यायची. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचे.

तिथून मला खाली आणले ते शैलाबाईंच्या एका सवयीने. उजगरे मंडळी ख्रिस्ती. शैलाबाई बालवाडीत शिकवतात आणि स्वयंपाक करता करता मनातल्या मनात प्रार्थना करतात. कधीकधी त्या मध्येच थांबतात. पळी तशीच हातात धरून म्हणतात, "अहो, देवबापानं मनात घातलंय. पिंकीकडे भाजी-भाकरी द्यायची." झाले! शेजारच्या पिंकीचे तान्हे बाळ सकाळपासून रडत असते, तिला गॅस पेटवायला सवड झालेली नसते, आणि मी दारात हजर.

प्रत्येक वेळी असे जुळतेच असे नाही हं. एकदा आम्ही मोठ्या मायेने सोपानरावांकडे खिचडी घेऊन गेलो, तर त्यांच्याकडे मुलीच्या साखरपुड्याची पंगत बसली होती. मधुसूदनराव हसून हसून लाल झाले. "देवबापानं पत्ता चुकीचा दिला वाटतं!" शैलाबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यानं बरोबर दिला असेल, मीच चुकीचा ऐकला असेन. पण उगाच गेलं तर नुसते पाय दुखतात. जायचं राहून गेलं तर जीव दुखतो."

आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी कुठून शेवग्याच्या शेंगा आणल्या, कुठून रव्याचे लाडू. वाकडच्या उंच इमारतीत राहणाऱ्या ऋचाताईंनी तर केक भरून दिला होता. मला या रीतीचा भारी अभिमान होता. याच रीतीने एकदा मोठा घोळ केला.

दुर्गाबाई मूळच्या जालन्याकडच्या. आता दिघीला एका खोलीत एकट्या राहतात आणि भोसरीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतात. त्या आणि शैलाबाई एकाच चर्चच्या. दुर्गाबाईंना बरे नाही असे कळले, म्हणून शैलाबाई मला वरणभात आणि लिंबाचे लोणचे भरून त्यांच्याकडे पोचवून आल्या. दुर्गाबाई पोटभर जेवल्या. त्यांनी मला घासून असे लखलखीत केले की माझा पोचासुद्धा चमकू लागला. मग त्या फळीवरच्या बरण्या उघडून पाहू लागल्या. एकीत मीठ होते, एकीत मूठभर ज्वारीचे पीठ. साखरेची बरणी रिकामी होती. "अंगात ताकद आली की गोड कायतरी करून देईन," असे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

पण ताकद येईना. ताप जाई आणि पुन्हा येई. कामाला जाणे थांबले, दुकानात जाणेही थांबले. माझ्या पोटावरचे नाव दिसले की दुर्गाबाईंना लाज वाटायची. शेवटी त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून ठेवले.

आता आमच्या भागाची एक गंमत सांगतो. इथल्या पुष्कळ कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. म्हणून आमच्या चर्चची एक उपासना रविवारी आणि एक गुरुवारी होते. ज्याला जेव्हा सुट्टी, तेव्हा तो येतो. दुर्गाबाई रविवारी गेल्या नाहीत, कारण तिथे शैलाबाई भेटल्या असत्या. गुरुवारी गेल्या नाहीत, कारण तिथे मधुसूदनराव भेटले असते. रविवारच्या लोकांना वाटले, बाई हल्ली गुरुवारी येत असतील. गुरुवारच्यांना वाटले, रविवारी येत असतील. त्यामुळे कोणीच चौकशी केली नाही. इकडे दुर्गाबाईंना पाणी घ्यायला उठवेना.

तिकडे काय चालले होते ते मला मागाहून कळले. शैलाबाईंच्या मनात रोज दुर्गाबाई येत होत्या. पण मधुसूदनराव म्हणत, "अगं, आत्ता गेलीस तर डबा मागायला आली असं वाटेल त्यांना. देतील की सवडीनं." हे शैलाबाईंनाही पटायचे. डब्यासाठी कोणाच्या दारात जाणे बरे दिसत नाही. त्या थांबल्या.

मग पुढचा गुरुवार आला. शैलाबाईंच्या बालवाडीलाही त्या दिवशी सुट्टी होती. दोघे स्कूटरवरून चर्चला निघाले होते. निम्म्या वाटेत शैलाबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली.

"गाडी वळवा. दिघीला जायचंय."

"अगं, उपासना सुरू होईल!"

"होऊ द्या. मी तिथं बसून गाणी म्हणीन आणि मनात दुर्गाबाईच असतील. वळवा."

दारात शैलाबाईंचा आवाज आला आणि दुर्गाबाईंची त्रेधा उडाली. तापाने फणफणलेली ती बाई सारी शक्ती एकवटून उठली, तिने मला उचलले आणि गोधडीखाली लपवले! शैलाबाई आत आल्या, कपाळाला हात लावायला वाकल्या, आणि त्यांचा गुडघा माझ्यावर आपटला. टण्णकन आवाज झाला. गोधडी सरकली. दुर्गाबाई रडू लागल्या.

"बाई, रागावू नका वो. डबा ठेवून घ्यायचा न्हवता मला. रिकामा कसा द्यावा म्हणून राह्यला. घरात साखर बी न्हाई."

"जळो ती साखर!" शैलाबाईंच्याही डोळ्यांत पाणी आले होते. "अहो, ऐकलंत का? रिक्षा बघा आधी!"

दवाखान्यात डेंग्यू निघाला. "आज आणलंत म्हणून बरं. उद्यापर्यंत थांबला असतात तर कठीण होतं," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मधुसूदनराव बाहेर बाकावर कितीतरी वेळ मान खाली घालून बसले होते.

त्यानंतर माझी नुसती चंगळ झाली! रविवारची मंडळी आणि गुरुवारची मंडळी यांच्यात मला कोणी भरायचे यावरून गोड भांडणे होऊ लागली. मी रोज मऊ भात, मुगाचे कढण, डाळिंबाचे दाणे घेऊन दवाखान्यात जाई आणि खुशाल रिकामा परत येई. कोणाला काही वाटत नसे. दुर्गाबाई खडखडीत बऱ्या झाल्या. आता पुन्हा चपात्या लाटतात आणि शैलाबाईंना दटावतातसुद्धा, "लोणच्यात मीठ जास्त झालंय तुमच्या."

मित्रांनो, तुमच्याही मनात कधीतरी अचानक कोणीतरी येईल. वर्गात न दिसणारा मित्र असेल, कोपऱ्यावरच्या खोलीतल्या आजी असतील. लगेच दुसरा विचारही येईल, की आपण गेलो तर त्यांना काय वाटेल, उद्या जाऊ. तेव्हा माझी आठवण ठेवा. तापात दुर्गाबाई पाणी मागत होत्या, तेव्हा त्या खोलीत मी एकटाच होतो. हातभर अंतरावर, घासूनपुसून चकचकीत. मला सारे ऐकू येत होते, पण मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.