न बोलणारं पाणमांजर

पाणमांजराच्या आत शिरायचं म्हणजे आधी पोट आत ओढायचं, मग शेपटीची तार सांभाळत पाय घालायचे आणि पाठीवरची चेन लावायला दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायची. ही चेन आतून उघडत नाही. आतल्या माणसाला कधीतरी बाहेरही यायचं असतं, हे पोशाख शिवणाऱ्याला बहुधा कुणी सांगितलंच नव्हतं.

आतलं माणूस म्हणजे धाकटी. तीन बहिणींमधली शेवटची म्हणून घरात धाकटी, आणि तिकीटखिडकीवरच्या काकू तिच्याच गल्लीतल्या, म्हणून राष्ट्रीय उद्यानातही धाकटीच. त्यांची गल्ली उद्यानाच्या भिंतीला अगदी टेकलेली. भिंतीपलीकडे नदी, नदीत पाणमांजरं, आणि अलीकडे यांचे वाळत घातलेले कपडे. लहानपणी संध्याकाळी पलीकडून शिट्टीसारखा आवाज आला, की तिघी बहिणी हातातलं टाकून भिंतीला कान लावायच्या. कान लावून लावून भिंत गुळगुळीत झाली, पण पाणमांजर काही दिसलं नाही.

पुढे उद्यानाच्या साहेबांच्या डोक्यात आलं, की शेजारच्या वस्तीला उद्यान आपलं वाटलं पाहिजे. वस्तीतली माणसं कामावर घ्यायचं ठरलं. धाकटीनं नदीवरच्या पहाऱ्यासाठी अर्ज केला. पोहण्याची परीक्षा दिली, पहिली आली. साहेब म्हणाले, ‘‘जागा निघेपर्यंत जरा हे सांभाळा,’’ आणि तिच्या हातात पाणमांजराचं मुंडकं दिलं.

ते ‘जरा’ काही संपेना, कारण पोरगी त्या पोशाखात भलतीच जमून गेली. पोट चोळायची, शेपटी हलवायची, रुसून बसायची. पोरं नुसती खिदळायची. शाळांकडून पत्रं येऊ लागली. तिचा, म्हणजे पाणमांजराचा, फोटो बसथांब्यांवर लागला. सुट्टीच्या दिवशीही तिला कुठल्या तरी जत्रेत नाहीतर दुकानांच्या चौकात उभं करायचे, नवे लोक उद्यानाकडे वळावेत म्हणून. शेकडो लोक तिच्यामुळे पहिल्यांदा नदीवर गेले. ती तेवढी नदीकडच्या फाटकाच्या पुढे कधी गेली नाही. पुढे जायला नदीवरच्या पहारेकऱ्यांची सोबत लागते, आणि त्यांची फेरी नेमकी पाहुण्यांच्याच वेळेला, ही पोशाखात असताना. म्हणजे उभ्या शहराला पाणमांजराची ओळख करून देणाऱ्या बाईनं अजून पाणमांजर पाहिलेलं नव्हतं! कुणाला सांगितलं असतं, तर लोक हसले असते. म्हणून ती सांगत नसे.

पोशाखाचा नियम एकच होता, तोही साहेबांनी पोशाखाच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावलेला: पाणमांजर बोलत नाही. आत बाई आहे हे पोरांना कळलं की सगळी गंमत गेली, असं त्यांचं म्हणणं. ‘‘ज्या दिवशी हे बोललं, त्या दिवशी मला दुसरं माणूस बघावं लागेल,’’ असं ते वरचेवर बजावत.

आणि आता नदीवरची एक जागा खरोखरच रिकामी झाली होती. तिथले एक म्हातारे पहारेकरी निवृत्त झाले होते. धाकटी सकाळीच साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

‘‘साहेब, परीक्षेत पहिली मी आले होते.’’

‘‘मी कुठे नाही म्हणतोय? आजचा कार्यक्रम तेवढा पार पडू द्या. मग बोलू.’’

आजचा कार्यक्रम म्हणजे भिंतीजवळच्या वस्तीतल्या मुलांची उद्यानात पहिली सहल. तिच्याच गल्लीतली पोरं! चेन लावताना काकू म्हणाल्या, ‘‘आज शेवटचं हं, धाकटे. उद्यापासून तू नदीवर आणि आम्ही इथे माश्या मारत.’’ धाकटीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी तिला पोशाख हलका वाटला.

पोरं आली. पाणमांजराच्या तोंडात जाळी आहे, तिच्यातून बाहेरचं दिसतं. तेही सगळं नाही, समोर येईल तेवढंच. धाकटीनं नाचून घेतलं, पोट चोळलं, एका रडक्याला हसवलं. मग पहारेकऱ्यांबरोबर रांग फाटकातून नदीकडे गेली, आणि ती नेहमीसारखी बाकावर बसून राहिली. जाळीतून तिला समोरचं फाटक दिसत होतं. आत फिनाइलचा आणि जुन्या घामाचा वास कोंडला होता. पाठीला खाज सुटली की पाणमांजर झाडाला पाठ घासतं, आणि बघणाऱ्यांना तीही नक्कल वाटते.

साहेब येऊन शेजारी बसले. त्यांनी तिच्या केसाळ पंजावर हात ठेवला.

‘‘तुम्ही रागावू नका,’’ साहेब म्हणाले, ‘‘पण नदीवर काय, कुणीही जाईल. हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मी तुम्हाला इथेच कायम करतोय. पगारही वाढेल.’’

समोर तिकिटाला माणसं उभी होती, त्यामुळे पाणमांजराला बोलता येत नव्हतं. साहेबांना हे ठाऊक असावं. आपलं सांगून ते उठून गेले, आणि जाता जाता दोन पाहुण्यांनी त्यांच्या हाती फोन देऊन पाणमांजरासोबत फोटोही काढून घेतला. आत धाकटी रडत होती. बाहेर पाणमांजर हसत होतं, कारण त्याचं तोंड तसंच शिवलेलं होतं.

तेवढ्यात पोरं परत आली, चालत नव्हे, धावतच. सगळ्यांत पुढे पुढचे दात पडलेली एक मुलगी. ती येऊन थेट पाणमांजराच्या पोटावर आदळली.

‘‘आम्ही खरं बघितलं! खरं पाणमांजर! तुझ्यासारखं!’’

आता पाणमांजरानं टाळ्या वाजवायच्या, उडी मारायची, असं ठरलेलं. धाकटीचे हात वर गेले आणि तिथेच थांबले. तिला दारामागचा नियम आठवला, साहेबांची धमकी आठवली, आणि ती धमकी म्हणजेच सुटकेचा रस्ता आहे, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. काढू देत! पोशाखातून काढू देत, नोकरीवरून काढू देत. पण तेवढ्यासाठीच ती बोलली, असंही म्हणता येणार नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘‘कुठे?’’ पाणमांजर म्हणालं.

काकू खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या.

‘‘पुलाखाली,’’ मुलगी हळूच म्हणाली. ‘‘उताणं पडून मासा खात होतं. मग शिट्टी मारली.’’

‘‘शिट्टी मला माहीत आहे,’’ पाणमांजर म्हणालं. ‘‘मी भिंतीपलीकडून ऐकलीय. पण मी पाणमांजर कधी बघितलंच नाही गं. मला इथून सोडतच नाहीत.’’

एकच हशा फुटला. पाणमांजरानं पाणमांजर बघितलं नाही! पोरं लोळायची बाकी राहिली. पोरांबरोबर आलेल्या शाळेच्या बाईंनी डोळे पुसत फोनवर सगळं टिपून घेतलं. रांगेतले पाहुणे पुढे सरकले, आपली पोरं खांद्यावर घेऊन. ‘‘अजून बोल ना, अजून!’’

गर्दी बाजूला सारत साहेब आले. धाकटीनं मान ताठ केली. आता ऐकायचं आणि घरी जायचं.

‘‘अहो,’’ साहेबांचा चेहरा आनंदानं फुलला होता, ‘‘हे आपल्याला आधी का नाही सुचलं? बोलणारं पाणमांजर! मोठी माणसंसुद्धा थांबली बघा. उद्यापासून रोज बोलायचं. हेच, अगदी असंच. ते ‘सोडत नाहीत’ तर फारच झकास!’’

त्यांनी दारामागचा कागद स्वतःच्या हातानं फाडला आणि लगबगीनं फोन करायला गेले.

गर्दी पांगली. पाणमांजर पुन्हा बाकावर टेकलं. बाई पोरांची रांग लावत होत्या. दात पडलेली मुलगी मात्र रांग सोडून परत आली. एकटी तीच मघाशी हसली नव्हती. तिनं टाचा उंचावून जाळीला डोळा लावला आणि आत बघायचा प्रयत्न केला.

‘‘मी दाखवते तुला,’’ ती कुजबुजली. ‘‘पूल मला माहितीय आता. तू कधी सुटतेस?’’

आता बोलायची परवानगी होती. तरी पाणमांजरानं नुसतं पोट चोळलं आणि शेपटी हलवली. मुलगी वाट बघत उभी राहिली. तिकडे काकूंच्या खिडकीसमोर माणसं वाढतच होती, आणि चेन उघडायला काकूंशिवाय दुसरं कुणी नव्हतं.