तीन फेऱ्यांपुरता श्वास

कांदे चार, मोठे. उभे चिरून लोण्यात परतायचे, तांबूस होईपर्यंत, घाई न करता.

मधोमध डाग, कडा शाबूत.

घड्याळाच्या काचेवर जखमेची पट्टी चिकटवलेली. खाली काय आकडा आहे ते घड्याळालाच माहीत.

चौथा आठवडा : काही नाही. खरंच काही नाही.

मांस... आधी... परतून... मग बीअर... सगळी...

क्रमांक चव्वेचाळीस. चार पिना.

हे सगळं एकाच उन्हाळ्यातलं आहे. जोडून दाखवते.

डाग माझ्या वडिलांच्या डोळ्यांत आहे, दोन्ही डोळ्यांत. मार्निक्स, वय एकाहत्तर, तरुणपणी बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या गावोगावच्या जत्रेच्या शर्यतींत अकरा वेळा पहिले आलेले. आता त्यांना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, चेहऱ्याभोवतीचं सगळं दिसतं. म्हणून बोलताना ते मान तिरकी करून तुमच्या खांद्यापलीकडे बघतात, कोंबडीसारखे. डॉक्टरीणबाई फेब्रुवारीत म्हणाल्या, डाग पसरतोय, पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यावरची सायकल दिसेल असं धरून चालू नका.

मी वेर्ले, त्यांची मुलगी, वय एकोणचाळीस. गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात वाटाण्याच्या पट्ट्यावर पाळीप्रमुख आहे. मार्चमध्ये मी शर्यतीचा परवाना काढला. आमच्या गावच्या जत्रेतली सप्टेंबरची बायकांची शर्यत मला पूर्ण करायची होती. दहा फेऱ्या, साठ किलोमीटर. आणि ती पपांनी बघायला हवी होती. यंदाच, कारण पुढच्या वर्षी बघणार कोण?

पपांनी आखणी केली. तोंडी, स्वयंपाकघरात, कॉफी ढवळत.

"पहिलं वर्ष, तीन फेऱ्या. घोळक्यातून. दुसरं वर्ष, सहा. तिसऱ्या वर्षी शेवटपर्यंत."

"तीन वर्षं, पपा?"

"चार म्हणणार होतो. तू चिडशील म्हणून एक कमी केलं."

"पण तुमचे डोळे..."

"डोळे माझे, पाय तुझे. पायांची आखणी पायांकडे बघून करायची असते. साखर कुठेय?"

साखर त्यांच्या समोरच होती. अगदी समोर असलेलंच त्यांना दिसत नाही.

नियम थोडे होते. तीन आठवडे चढत न्यायचे, चौथा आठवडा पायांना सुट्टी. एका महिन्यात एकच गोष्ट शिकायची : एप्रिलमध्ये वळणं, मेमध्ये पुढच्या बाईच्या मागच्या चाकाला हातभर अंतरावरून चिकटून राहणं. आणि घड्याळ बघायचं नाही. माझ्या घड्याळावर हृदयाचे ठोके दिसायचे. पपांनी पट्टी मागितली आणि चाचपत स्वतःच चिकटवली.

"मला दिसत नाही, तूही बघू नकोस. आकडा दिसला की माणूस आकड्याला खूश करायच्या मागे लागतो."

"मग जोर किती लावायचा ते कळणार कसं?"

"तोंडाने."

रविवारी सकाळी आम्ही शेजाऱ्यांची जोडसायकल काढायचो. पुढे मी, मागे पपा. गावाबाहेरच्या दगडी चढाला लागलो की पाठीमागून आवाज यायचा, "बोल."

"काय बोलू?"

"आईच्या मांसाच्या रश्श्याची कृती. पूर्ण वाक्यांत. वाक्य पूर्ण येतंय तोवर ठीक. शब्द तुटायला लागले की पाय सैल सोड."

"आणि तुम्ही मागे काय करणार?"

"जेवणार."

एप्रिलमध्ये चढाच्या मध्यावरच माझे कांदे करपायचे. मेअखेरीस बीअर ओतून झाकण ठेवण्यापर्यंत मजल गेली. जूनच्या शेवटच्या रविवारी, मोहरी लावलेला पाव उपडा करून भांड्यात ठेवायचा आणि तो विरघळून रस्सा दाट होतो, हे अख्खं वाक्य मी चढाच्या माथ्यावर पोचून म्हणाले.

"मीठ विसरलीस," पपा म्हणाले.

त्या वेळी मला वाटलं, तीन वर्षं म्हणजे म्हातारपणाची सावधगिरी. मी जुलैतला सुट्टीचा आठवडा खाल्ला. पाळी संपली की पपांना न सांगता रोज कालव्याच्या काठाने चाळीस किलोमीटर. घड्याळावरची पट्टीही काढली. आकडे छान होते.

त्या आठवड्याअखेरच्या रविवारी शेजारच्या गावात शर्यत होती. पपा सुरुवातीच्या रेषेजवळ घडीच्या खुर्चीत बसले. मी, हिरव्या जर्सीत, पुढे राहण्यासाठी सुटले, पहिल्या फेरीला पुढेच होते, आणि दुसऱ्या फेरीत, गावाच्या पलीकडे, मक्याच्या शेतापाशी पाय गेले. दुखले नाहीत. नुसते गेले, दिवे जातात तसे. घोळका लांब गेला. पंचांच्या गाडीतून लाल झेंडी बाहेर आली. जी फार मागे पडते तिला थांबवतात, तसा नियमच आहे.

मी मक्याच्या आडोशाला बसले. रडले का? हो, आणि तिथेच ओकलेही. मग लाज वाटली म्हणून आणखी बसले. गावात परत गेले तोवर शर्यत संपली होती, लोक खुर्च्या गोळा करत होते. पपा तसेच बसलेले, मान तिरकी, रस्त्याकडे.

"कोण, वेर्ले? कितवी आलीस?"

मी सायकल भिंतीला टेकवली.

"हिरव्या जर्सीला मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. घोळक्यात टिकलीस हो! शेवटच्या फेरीला तर मधोमध होतीस."

"ती मी नव्हते, पपा. मला दुसऱ्या फेरीत काढलं."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली.

"मग मी कोणासाठी ओरडत होतो?"

"हिरव्या जर्सीतल्या कोणासाठी तरी."

"तिला आवडलं असेल," पपा म्हणाले. मग माझी पोटरी धरून त्यांनी अंगठ्याने दाबली, कसाई दाबतो तशी. "सुट्टी घेतली नाहीस."

"नाही."

"का?"

"कारण तुम्हाला दिसायला हवं होतं! एकदा तरी! शेवटच्या रेषेवरून जाताना!"

हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले की खुर्च्या गोळा करणारे थांबले.

पपा माझ्या खांद्यापलीकडे बघत राहिले. "पोरी," ते म्हणाले, "आज दोन तास मी दुसऱ्याच कोणाला बघितलं आणि खूश होतो. बघण्याची किंमत तेवढीच आहे. पुढच्या वेळी माझ्यासमोरून जाताना ओरड. किती बोलता येतंय त्यावरून मला कळेल, कोण आहे, कशी आहे. आणि आवाज फुटला नाही तर त्याच फेरीला थांब. फुटत राहिला तरी तिसरी झाली की थांबायचं. ठरलं?"

"तीनच?"

"ठरलं का ते सांग."

ऑगस्टमध्ये मी सगळ्या सुट्ट्या घेतल्या. चौथ्या आठवड्यात सायकलला हात लावला नाही, कुंपण कापलं.

सप्टेंबर. आमचं गाव. क्रमांक नादीनच्या कॅफेत मिळतात. नादीन पन्नास वर्षं पपांना ओळखते.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "गेल्या वर्षी हा नंबर घेऊन गेलेली बाई तळ्यात पडली. बदकं सुखरूप आहेत, म्हणजे नंबर वाईट नाही."

"खुर्ची दे एक," पपा म्हणाले. "बिनहाताची. मला हात हलवावे लागतात."

"मार्निक्स, तुझी हाडं आता खुर्चीपेक्षा जास्त कुरकुरतात. सांभाळून बस."

पाठीवर पिना त्यांनीच लावल्या, बोटांनी शोधत. दोनदा टोचल्या.

फेरी एक. घोळक्याच्या शेपटाला, पण घोळक्यात. पपांच्या समोरून :

"चार मोठे कांदे, पपा, लोण्यात परतून घ्यायचे!"

शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

फेरी दोन. मक्याजवळ वारा आडवा. पुढच्या चाकाला हातभर अंतर. हातभर. हातभर.

"मांस! मग बीअर... तमालपत्र!"

फेरी तीन. कोणीतरी पुढे वेग वाढवला, अख्खा घोळका दोरीसारखा ताणला गेला, मी दोरीच्या टोकाला, गाठ सुटतेय सुटतेय, सुटली नाही. चर्च. नादीनचं छत. खुर्ची.

"पाव!"

एकच शब्द. पण फुटला.

आणि मी अजून घोळक्यात होते. पाय होते. पुढे सात फेऱ्या होत्या आणि पपांच्या डोळ्यांत हाच एक उन्हाळा, तोही जेमतेम. चौथीही होईल, मला माहीत होतं. कदाचित पाचवीही. चौथीला ते कान लावून बसतील, आणि माझ्या तोंडून काहीच आलं नाही तर पुन्हा एखाद्या हिरव्या जर्सीकडे वळतील.

मी हात वर केला, उजवीकडे सरकले, ब्रेक दाबला. घोळका निघून गेला. सायकल वळवून, पदपथावरून चालवत परत आले.

"थांबलीस," पपा म्हणाले. मी बोलायच्या आधीच. चाकाच्या खटखटीवरून.

"ठरलं होतं."

"उरलंय काही?"

"एका फेरीचं. दीड असेल."

"ते घरी घेऊन जाऊ." त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या हेल्मेटला लागला, मग गालाला. गाल मिठाने खरखरीत झाला होता. हात त्यांनी तिथेच ठेवला.

मी त्यांच्या पायाशी दगडी कडेवर बसले. उरलेल्या सात फेऱ्या मी त्यांना सांगितल्या : कोण पुढे, कोणाची सायकल डुलतेय, कोण दमून चौकोनी पेडल मारतेय, झेंडी कोणाला. पूर्ण वाक्यांत. श्वास परत आला होता.

"पुढच्या वर्षी सहा," ते म्हणाले. "ओरडशील?"

"ओरडेन."

"मग खुर्ची वळणाच्या आधी ठेवू. वळणावर सगळ्याच ओरडतात."

नादीनने दोघांना भाताच्या गोड टार्टचे तुकडे आणून दिले. पपांनी माझाही खाल्ला.

पपांनी स्वतःची पहिली शर्यत, एकोणीसशे एकोणसत्तरच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या फेरीत सोडली होती.